कपाळावरचे केस : रोम, सिमला आणि आपण



विषय फलकावर लागला तेव्हापासून आम्हाला दोन प्रकारची माणसं भेटली. पहिल्या प्रकारची म्हणाली, सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता नटीच्या केसांवर बोलणार? दुसऱ्या प्रकारची काही बोलली नाहीत, नुसती हसली. त्यांत बहुतेक पासष्टीच्या पुढच्या बायका होत्या. त्यांचं हसणं पाहून विषय बरोबर निवडलाय अशी आमची खात्री झाली.

पहिल्या मंडळींसाठी एवढंच सांगतो, की फॅशनवर बोलायला तत्त्वज्ञांना कधी कमीपणा वाटलेला नाही. इमॅन्युएल कांट, ज्याच्या नावानं आमच्या विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा यायचा, त्यानंही आपल्या मानवशास्त्रावरच्या व्याख्यानांत फॅशनचा विचार केलाय. फॅशन त्यानं पोकळ डौलाच्या खात्यात टाकली. पण जो फॅशनबाहेर राहून शहाणपण मिरवतो, त्यालाही चिमटा काढायला तो विसरला नाही. तेव्हा आम्ही काही भलतं करतोय असं नाही.

विषय असा : एका हॉलीवूडच्या नटीचे कपाळावर आलेले केस आपल्याकडे आले, ‘साधना कट’ झाले, आणि तालुक्या-तालुक्यांतल्या मुलींच्या कपाळांवर उतरले. याला आपल्याकडे एक ठरलेला शब्द आहे, अंधानुकरण. हा शब्द आम्हाला तपासायचा आहे.

आधी प्रभाव म्हणजे काय ते बघू. सिनेमावाले आणि कापडवाले प्रभावाच्या गोष्टी फार फुगवून सांगतात. 1932 सालच्या ‘लेटी लिंटन’ या चित्रपटात जोन क्रॉफर्डनं मोठ्या फुग्यांच्या बाह्यांचा एक पांढरा झगा घातला होता. तो शिवला एड्रियन या वेशभूषाकारानं. त्या झग्याच्या पाच लाख नकला एका दुकानानं विकल्या, अशी कथा अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितली गेली. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा या आकड्याला धड आधारच सापडेना. बाह्यांची फॅशन आली हे खरं. पण पाच लाख हा जाहिरातीच्या तोंडचा आकडा. एकानं छापला, दुसऱ्यानं उचलला, आणि तो इतिहास होऊन बसला. आपल्याकडेही असंच चालतं बरं का. अमुक नटीमुळे अख्ख्या महाराष्ट्राच्या बायका तमुक घालायला लागल्या, असं वाक्य ऐकलं की आधी थांबावं.

पण प्रभाव नसतोच असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हेरॉनिका लेक नावाची नटी होती. तिचे लांब केस एका डोळ्यावर आलेले असायचे. अमेरिकेत तेव्हा पुरुष लढाईवर आणि बायका युद्धसामग्रीच्या कारखान्यांत, अशी स्थिती होती. या बायकाही डोळ्यावर केस सोडून यंत्रापाशी उभ्या राहायच्या. केस यंत्रात अडकायची भीती. शेवटी सरकारनंच त्या नटीला विनंती केली, की बाई, तुम्ही केसांची पद्धत बदला. तिनं बदलली. सरकारला नटीच्या केसांत लक्ष घालावं लागतं, तेव्हा प्रभाव मानायला हरकत नाही.

आणि आता उलटं उदाहरण, आपलं घरचं. 1938 चा ‘ब्रह्मचारी’. मास्टर विनायक दिग्दर्शक, लेखक आचार्य अत्रे. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. केवढी खळबळ! लोकांनी पुन्हा पुन्हा जाऊन चित्रपट पाहिला, सनातन्यांनी बोटं मोडली, आणि आज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनीही त्याची चर्चा होते. पण त्यानंतर कृष्णेच्या किंवा प्रवरेच्या घाटावर बायका तसा पोशाख घालून उतरल्या का? नाही उतरल्या. म्हणजे जे सगळ्यात जास्त पाहिलं जातं, तेच उचललं जातं असं नाही. बाई पडद्यावरून काही उचलते आणि काही सोडते. तिची निवड असते. अंधानुकरण म्हणणाऱ्यांनी या पहिल्याच पायरीवर ठेच खाल्ली, असं आमचं मत आहे. आंधळा निवड करत नाही.

सिनेमाच्या आधी आपल्याकडे नाटक होतं, आणि फॅशनचा इतिहास तिथून सुरू करायला हवा. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेशभूषा, केशभूषा, अलंकार. शब्द सुंदर आहे. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेलं. हात, आवाज आणि मन नटाचं स्वतःचं असतं, पोशाख मात्र आणावा लागतो. आणि जे आणता येतं, ते नेताही येतं. प्रेक्षक नाटकाहून घरी जाताना नटाचा आवाज नेऊ शकत नाही, पण साडीचा काठ नेऊ शकतो.

बालगंधर्वांच्या बाबतीत हेच झालं. 1911 च्या ‘मानापमान’मधली भामिनी, 1916 च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. त्यांचे शालू, नथ, अंबाड्यावरची फुलं, पदर घ्यायची ढब, हे सगळं चांगल्या चांगल्या घरांतल्या बायका उचलत होत्या. यातली गंमत लक्षात घ्या. बाईनं कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या. नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषानं बायकांचं निरीक्षण करून एक बाई घडवली, आणि ती बाई बायकांना इतकी पटली की त्यांनी ती अंगावर घेतली. मग मूळ कोण आणि नक्कल कोण?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात पलंगाचं उदाहरण आहे. पलंगाची कल्पना खरी. सुतार करतो ती तिची नक्कल. आणि चित्रकार काढतो ती नकलेची नक्कल, सत्यापासून आणखी एक पायरी खाली. हा हिशेब लावला तर बालगंधर्वांची नक्कल करणारी पुण्याची बाई कितव्या पायरीवर? स्त्रीची नक्कल करणाऱ्या पुरुषाची नक्कल करणारी स्त्री! प्लेटोचा जिना इथे गोल फिरून सुरुवातीला येतो. आपल्या अभिनवगुप्तांना ही अडचण आली नसती. नाट्य म्हणजे अनुकरण हे श्रीशंकुकाचं मत त्यांनी खोडून काढलं. नट कुणाची नक्कल करत नाही, तिथे काहीतरी नवीन घडतं, अशी त्यांची भूमिका. आम्ही तेच प्रेक्षक बाईच्या आरशासमोर नेऊ इच्छितो.

याच बालगंधर्वांनी 1919 च्या ‘एकच प्याला’मध्ये सिंधू केली. दारिद्र्यात जात्यावर दळणारी सिंधू. त्या सिंधूसाठी लोक ओक्साबोक्शी रडले. पण तिचं जुनेर कुणी उचललं नाही. त्या जुनेराची नक्कल करायची गरज नव्हती, ते घरोघरी दांडीवर वाळत होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आत्ता पुढे लागणार आहे.

आता 1960 साली या. आपलं महाराष्ट्र राज्य झालं ते वर्ष. त्याच वर्षी साधना या नटीचे दोन हिंदी चित्रपट आले. एक ‘लव्ह इन सिमला’, दिग्दर्शक आर. के. नय्यर. दुसरा ‘परख’, दिग्दर्शक बिमल रॉय. साधना मूळची कराचीची, सिंधी. फाळणीनंतर तिचं कुटुंब मुंबईत आलं. तिचं कपाळ रुंद होतं, आणि ते कॅमेऱ्यात खटकायचं. आधी दुसरे उपाय करून पाहिले, जमले नाहीत. मग नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखे केस कपाळावर कापून घ्यायला सांगितलं. झाला साधना कट! म्हणजे बघा, एका बाईच्या कपाळावर, कुणाच्या तरी मते, एक दोष होता. त्यावर काढलेला तो उपाय. पुढे ज्या हजारो मुलींनी तो कट केला, त्यांतल्या कितीजणींचं कपाळ रुंद होतं? रोग नसताना औषध घेतल्यासारखं झालं. इथे टीका करणाऱ्यांचं आम्ही थोडं ऐकून घेतो, त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण ‘परख’चं काय? त्यात तीच साधना खेडेगावातल्या पोस्टमास्तरची मुलगी आहे. साधी सुती साडी, साधे केस. आमच्या मते तिचं त्यातलं काम जास्त चांगलं आहे. ‘परख’ची साडी मात्र फॅशन झाली नाही. सिंधूच्या जुनेरासारखंच हे. अकोल्याच्या, राजूरच्या, संगमनेरच्या मुलीला ती साडी पडद्यावर बघायची गरजच नव्हती. माणूस आपल्याजवळ आहे ते उचलत नाही, नाही ते उचलतो. एवढं साधं आहे हे, पण आपल्याकडे लगेच त्याला नैतिक रंग देतात, की मुलींनी साधेपणा सोडला आणि चटक-चांदणी पत्करली. अहो, साधेपणा सोडायला आधी तो त्यांनी निवडलेला हवा ना! तो तर परिस्थितीनं दिलेला होता.

आता जरा मागे, रोमला जाऊ, कारण मूळ तिथलं आहे. 1953 चा विल्यम वायलरचा ‘रोमन हॉलिडे’. हेपबर्न त्यात राजकन्या आहे. समारंभ, भाषणं, हस्तांदोलनं यांना कंटाळून ती एका रात्री राजवाड्याबाहेर पडते. दुसऱ्या दिवशी रोमच्या रस्त्यावर तिला एका केशकर्तनालयाची काच दिसते. ती आत जाते आणि लांब केस कापून टाकायला सांगते. न्हावी बिचारा कचरतो, पुन्हा पुन्हा विचारतो, एवढे? ती म्हणते, आणखी. चित्रपटाच्या अखेरीस राजकन्या कर्तव्याकडे परत जाते, प्रेम मागे सोडते. सगळं होतं तसं होतं. पण केस काही परत येत नाहीत. शेवटच्या दरबारी प्रसंगात ती दागिन्यांसह उभी असते, आणि डोक्यावर तेच कापलेले केस. वायलरनं यावर एक शब्द बोलायला लावलेला नाही. कळणाऱ्याला कळतं.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकानं ग्रेटा गार्बो आणि हेपबर्न यांच्या चेहऱ्यांची तुलना केली आहे. त्याचा आशय आमच्या शब्दांत असा : गार्बोचा चेहरा एखाद्या शाश्वत कल्पनेसारखा, ज्याला हात लावायची हिंमत होऊ नये, हेपबर्नचा चेहरा म्हणजे आत्ता घडणारी गोष्ट. आम्ही यात आपल्या विषयापुरती भर घालतो. कल्पनेची पूजा होते, नक्कल होत नाही. जे घडतं, ते आपल्याही बाबतीत घडू शकतं. म्हणून मुलींनी गार्बोच्या तसबिरी जपल्या असतील, पण कात्री घेतली ती हेपबर्नसाठी.

तेच केस सिमल्याला आले, आणि गोष्ट बदलली. ‘लव्ह इन सिमला’मधली सोनिया ही काका-काकूंकडे वाढणारी, दुर्लक्षित पोरकी मुलगी. देखणी चुलतबहीण तिला रूपावरून टोमणे मारते. मग सोनिया त्या बहिणीचाच वाग्दत्त वर पटकावण्याचा पण करते, आजी तिला मदत करते, आणि साधी मुलगी एकदम रूपवान होऊन पुढे येते. या चित्रपटात काकू शोभना समर्थ आहेत आणि आजी आहेत दुर्गा खोटे. दुर्गाबाईंनी 1936 च्या ‘अमरज्योती’मध्ये पुरुषांच्या जुलमाविरुद्ध उठलेली समुद्रावरची बंडखोर सौदामिनी केली होती. तीच बाई चोवीस वर्षांनी नातीला नवरा मिळवण्यासाठी नटायला शिकवते! नटाला पोटासाठी काहीही करावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कथेबद्दल आहे. रोमच्या मुलीनं केस कापले ते कुणासाठीही नाही. तिला कुणी ओळखू नये, हीच तिची इच्छा होती. सिमल्याच्या मुलीचे केस बदलले ते कुणीतरी बघावं म्हणून. एकच केशरचना, पण एकीकडे ती नजरेतून सुटायची वाट, आणि दुसरीकडे नजरेत भरायची युक्ती. चित्रपट म्हणून ‘लव्ह इन सिमला’ सुखद आहे, गाणी गोड आहेत, पण या एका गोष्टीत तो ‘रोमन हॉलिडे’च्या पासंगालाही पुरत नाही.

इथेच थांबलो असतो तर निष्कर्ष सोपा होता : परदेशातलं स्वातंत्र्य गाळून नुसता केसांचा आकार आपण घेतला. पुष्कळ टीकाकार इथेच थांबतात. पण केस सिमल्यावर थांबले नाहीत ना! ते पुढे आपल्या घरांत आले. आणि आपल्या घरांत बाईचे केस कापणं या गोष्टीला एक जुना, भयंकर अर्थ होता.

केशवपन. तरुण पोरांना हा शब्द पाठ्यपुस्तकातला वाटतो. नवरा गेला की बाईला न्हाव्यापुढे बसवायचं, डोकं भादरायचं, लाल आलवण नेसवायचं, आणि माजघरात ढकलायचं. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनीच ठरवलं, की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणं थोडी. तरी प्रथा लगेच संपली नाही. 1960 च्या सुमारास लाल आलवणातल्या म्हाताऱ्या बायका अजून घराघरांत होत्या. ज्या घरात साधना कटची हौस करणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, त्याच घरात कधी कधी तिची सोवळी पणजी किंवा आत्याआजी. मुलगी कात्री घेऊन आरशासमोर उभी राहिली की घरातून एकच वाक्य यायचं, “केस कापायला तुला काय झालंय गं?” आम्ही आमच्या लहानपणी हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय, की ते जणू एकाच बाईनं सगळीकडे फिरून म्हटलं असावं. त्या वाक्यात फॅशनचा राग कमी आणि भीती जास्त होती. केस कापणं म्हणजे काहीतरी ‘होणं’. कुणीतरी मरणं.

आता त्या मुलीकडे बघा. पणजीचे केस दुसऱ्यांनी कापले, तिला न विचारता. ही स्वतः कापते, चार बोटं का होईना, आणि हसत हसत. तिला हेपबर्न माहीत नव्हती, ‘रोमन हॉलिडे’ तिनं पाहिलेला नव्हता. तिनं पाहिला तो सिमल्याचा, नवरा पटकावायचा चित्रपट. पण तिच्या हातून जे झालं ते रोमच्या जास्त जवळ होतं. आकार सिमल्याहून आला, अर्थ तिच्या घरातून आला. केशरचना आपला अर्थ बरोबर घेऊन प्रवास करत नाही. उतरेल तिथे नवा अर्थ तिला चिकटतो. अंधानुकरण म्हणणारे आकार मोजतात आणि अर्थ मूळ गावाहून मागवतात. चूक होते ती तिथे.

हे सरसकट सगळ्यांना लागू करायची आमची तयारी मात्र नाही. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींची प्रथा. आपल्या तालुक्याच्या डांगाणात, महादेव कोळी, ठाकर समाजांत बाईला पाट लावायची मोकळीक होती, डोकं भादरायची प्रथा नव्हती. तिथली पोर केसांना कात्री लावायला कचरली असेल तर कारणं वेगळी असतील : सासर काय म्हणेल, पदराखाली केस दिसतात कुणाला, आणि मुळात भाताच्या आवणीत वाकलेल्या बाईला डोळ्यावर येणारे केस परवडतात का? व्हेरॉनिका लेकच्या कारखान्यातल्या बायकांचीच अडचण, फक्त यंत्राऐवजी चिखल. साधना कट हा आपल्या तालुक्यात गावठाणातल्या, शाळेत जाणाऱ्या मुलींचा होता, आणि त्यांतही ज्यांना आरसा आणि दुपार मोकळी मिळायची त्यांचा. शाळेचा कायदा दोन वेण्या आणि लाल रिबिनींचा. कपाळावरचे केस त्या कायद्याच्या फटीतून आले. वेण्या कायम, पुढे थोडेसे मोकळे.

आणि सिनेमा बघायला तरी कितीजणींना मिळायचं? जत्रेतली तंबू टॉकीज, नाहीतर संगमनेर-नाशिकची वारी, आणि तीही घरच्यांबरोबर. बहुतेकींनी चित्रपट न बघताच तो कट केला. कॅलेंडर, मासिकातलं चित्र, फोटो स्टुडिओच्या काचेतला फोटो, मुंबईला कामाला असलेल्या चुलत्याची सुट्टीवर आलेली मुलगी. पहिली मुलगी नटीकडे बघून कापते, दुसरी पहिलीकडे बघून. फॅशनचा अभ्यास करणाऱ्यांनी नटीपेक्षा या चुलतबहिणीकडे जास्त लक्ष द्यावं, असं आम्हाला वाटतं.

गेऑर्ग झिमेल या जर्मन तत्त्ववेत्त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॅशनवर निबंध लिहिला. माणसाला चारचौघांसारखं व्हायचं असतं आणि चारचौघांत वेगळंही दिसायचं असतं. फॅशन ही दोन्ही कामं एकदम करून देते, असं त्याचं सूत्र. बायकांना बाकी क्षेत्रांत वेगळेपण मिळवायला वाव नव्हता, म्हणून त्या फॅशनमध्ये ते शोधतात, असंही तो म्हणतो. पटण्यासारखं आहे, पण झिमेलनं खर्चाचा हिशेब केला नाही. तोच बघू.

1965 च्या ‘वक्त’मध्ये साधनानं अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार घातला. शहरांत तो लगेच चालला. आपल्याकडे पंजाबी ड्रेस कॉलेजच्या मुलींच्या अंगावर सर्रास दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. नटी तीच, मग केस लगेच आणि कपडे उशिरा, असं का? केसांना पैसा लागत नाही, आणि ते पुन्हा वाढतात. घरच्यांनी फार बोलणी दिली तर दोन महिने पिना लावून ठेवायच्या, झालं. ड्रेसला कापड लागतं, म्हणजे वडिलांचा खिसा. शिंपी लागतो, म्हणजे गावाचे डोळे. आणि साडी सोडायची म्हणजे वयात आलेल्या मुलीबद्दलचे सगळे प्रश्न एकदम. माप घ्यायला शिंप्याकडे जायचं की घरातला जुना कपडा मापाला पाठवायचा, यावर घरात किती वाद व्हायचे ते त्या काळच्या बायकांना विचारा.

शिंप्याचं नाव निघालं म्हणून एक नाव घेतो. ‘वक्त’चे ते कपडे आखले भानू अथैया यांनी. माहेरचं आडनाव राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. वडील चित्रकार, त्या स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाईड’, ‘आम्रपाली’ या सगळ्यांत त्यांचं काम आहे. 1983 साली ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. पण वीस वर्षं आधी देशभरच्या मुली ‘साधनासारखा कुर्ता’ शिवून मागत होत्या. भानूताईंसारखा, असं कुणी म्हणालं नाही. हॉलीवूडमध्येही हेच. 1954 च्या ‘सॅब्रिना’त हेपबर्नच्या गाजलेल्या कपड्यांपैकी काही पॅरिसच्या ह्युबेर द जिव्हाँशी यांचे; पडद्यावर नाव एडिथ हेड यांचं, आणि ऑस्करही त्यांनाच. भरतमुनींनी आहार्याला अभिनयाचा चौथा हिस्सा दिला, पण तो हिस्सा ज्यांच्या हातचा, त्यांचं नाव घ्यायची पद्धत आपण पाडली नाही. साधना-प्रभाव म्हणताना त्यात निदान निम्मा कोल्हापूरचा हात धरला पाहिजे.

आता अलीकडचं थोडंसं. 2013 च्या सुमारास ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतल्या जान्हवीचं लांब मंगळसूत्र निघालं. सराफांच्या दुकानात त्याच नावानं मागायचे. आम्हाला विचाराल तर साधना कटापेक्षा ही फॅशन जुनी आहे, साल कितीही नवं असलं तरी. तिथे आकार नवा, अर्थ आजीचाच. मंगळसूत्राला आमचा विरोध आहे असं कृपा करून समजू नका, घरी जायचंय आम्हाला! म्हणणं एवढंच, की कुठली फॅशन धीट आणि कुठली भित्री हे तिच्या नवेपणावरून ठरत नाही.

तसंच शिवलेल्या नऊवारीचं. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, गॉगल घालून मुली मोटारसायकलवर निघतात. छान दिसतात, आम्ही नाक मुरडणार नाही. पण ती नऊवारी आता पायजम्यासारखी पाय घालून चढवायची असते. ती खरोखर आहार्य झाली, बाहेरून आणलेली. आणि इथून तासाभराच्या अंतरावर, भंडारदऱ्याच्या वर, म्हाताऱ्या बायका गुडघ्यापर्यंत उंच कासोट्याचं लुगडं नेसून अजून भाताच्या खाचरात उभ्या असतात. त्या लुगड्याला कुणी फॅशन म्हणत नाही, आणि त्याचा फोटो काढायला मात्र शहरातून गाड्या येतात. त्या बायकांना विचारून फोटो काढावा, एवढं तरी जमायला हवं.

फोटोवरून साधनाबाईंचा उत्तरार्ध सांगतो. थायरॉइडच्या आजारानं त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पुढे काम कमी झालं, आणि नंतर त्यांनी लोकांसमोर येणं, फोटो काढून घेणं जवळजवळ बंद केलं. लोकांच्या मनातली ती कपाळावरच्या केसांची मुलगी तशीच राहावी, असं त्यांना वाटायचं. ज्या कटानं हजारो मुलींना आरशासमोर घटकाभर मोकळं केलं, त्यानं त्या एका बाईला मात्र कोंडून ठेवलं. नकला करणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या, केस पिकले, अंबाडे बांधले, नातवंडं झाली. मूळ जिचं, तिला म्हातारं व्हायची परवानगी नव्हती. 2014 साली त्या एकदाच, कर्करोगाच्या मदतीसाठी झालेल्या फॅशन शोमध्ये, गुलाबी साडी नेसून, रणबीर कपूरच्या सोबतीनं चालत मंचावर आल्या. वय बहात्तर. पुढल्या वर्षी नाताळच्या दिवशी त्या गेल्या.

त्या दिवशीचा तो मंचावरचा फोटो इंटरनेटवर आहे, बघा जमलं तर. आणि घरी जुने अल्बम असतील तर 1960 ते 70 मधले फोटो काढा. आई, मावशी, आत्या, ज्या कुणी असतील त्यांचं कपाळ बघा, आणि त्या हयात असतील तर विचारा, कात्री कुणाची होती, कुणी कापून दिले, आणि घरात त्या दिवशी काय झालं. आम्हाला पत्रानं कळवलंत तर आनंद होईल. फक्त पत्त्यावर अकोले नीट लिहा, नाहीतर ते अकोल्याला, वऱ्हाडात जाऊन येतं.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या बायकांनी आधी विचारावं.